मारकडवाडीला नेमकं काय मोजायचं होतं?

सोलापूर जिल्ह्यात माळशिरस तालुक्यात मारकडवाडी नावाचं गाव आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये विधानसभेचा निकाल लागला आणि या गावानं ठरवलं, की ३ डिसेंबरला आपण आपलं पुन्हा मतदान घ्यायचं, छापील मतपत्रिकेवर. मतदान यंत्रानं (ईव्हीएम) गावातून भाजपच्या राम सातपुतेंना १००३ आणि शरद पवारांच्या राष्ट्रवादीच्या उत्तम जानकरांना ८४३ मतं दाखवली होती. जानकरांच्या माणसांचं म्हणणं, आमच्या गावात हे होणंच शक्य नाही. प्रशासनानं जमावबंदी लावली, पोलीस आले, मतदान काही झालं नाही. गुन्हे मात्र दाखल झाले. नंतर स्वतः शरद पवार गावात येऊन गेले आणि ज्यांनी माळशिरस नकाशात पाहिलं नव्हतं त्यांनाही मारकडवाडी पाठ झाली.

यातली गंमत अशी, की मतदारसंघात जानकरच निवडून आले होते. म्हणजे जिंकलेला म्हणतोय यंत्र खोटं, आणि हरलेल्याची माणसं म्हणताहेत यंत्र बरोबर.

मी शिक्षक आहे. निवडणूक ड्युटी दोनदा वाट्याला आली, दोन्ही वेळा केंद्राध्यक्ष म्हणून. त्यामुळे शाळेच्या स्टाफरूममध्ये ‘ईव्हीएम घोटाळा’ हा विषय निघाला की सगळे माझ्याकडे बघतात, जणू चिप मीच बसवली. मग मी विचारतो, घोटाळा म्हणजे कुठला? यंत्राच्या आत काही केलं, असं म्हणायचंय? की यंत्र अदलाबदल झालं? की मतदानाचे आकडे नंतर फुगवले? की मतदार यादीच खोटी होती? या चार शंका वेगवेगळ्या आहेत. त्यांची उत्तरं वेगळी, पुरावे वेगळे, आणि त्यातल्या काही शंकांमध्ये खरोखर दम आहे. सगळ्या एकाच पोत्यात भरल्या की दमदार शंकासुद्धा फालतू शंकेच्या भावानं विकली जाते.

यंत्र म्हणजे तीन डबे. पुठ्ठ्याच्या आडोशामागे असतं ते बॅलट युनिट, त्यावर ‘नोटा’ (यांपैकी कुणीही नाही) धरून सोळा बटणं. केंद्राध्यक्षाच्या खोलीतल्या टेबलावर असतं ते कंट्रोल युनिट, मतं त्यात साठतात. तिसरा व्हीव्हीपॅट, म्हणजे छोटा प्रिंटर. टेबलावरून बटण दाबून एक मत ‘सोडलं’, की मतदार आत आपलं बटण दाबतो, काचेमागे चिठ्ठी सात सेकंद दिसते, मग कापली जाऊन खाली पडते आणि लांबलचक बीप वाजतो. पुढचं मत सोडेपर्यंत बटणं कितीही बडवा, काही होत नाही.

मतदान सुरू व्हायच्या दीड तास आधी अभिरूप मतदान घ्यावं लागतं. पक्षांचे प्रतिनिधी समोर बसवून किमान ५० मतं टाकायची, यंत्राचा निकाल काढायचा, चिठ्ठ्यांशी जुळवायचा, मग ती मतं पुसायची आणि चिठ्ठ्या काळ्या पाकिटात सील करायच्या. क्लोज, रिझल्ट, क्लिअर. प्रशिक्षणात हे तीन शब्द पाढ्यासारखे म्हणून घेतात. तरीही पहिल्या ड्युटीच्या आदल्या रात्री मला स्वप्न पडलं होतं, की मी क्लिअर दाबायचं विसरलो. स्वप्न वेडगळ नव्हतं. २०१९ च्या निवडणुकीत चिठ्ठ्या आणि यंत्राचा आकडा न जुळल्याचं जे एक प्रकरण पुढे सुप्रीम कोर्टासमोर मांडलं गेलं, ते आंध्र प्रदेशातल्या मैदुकूरच्या एका बूथवरचं होतं. कारण? अभिरूप मतदानाची मतं पुसायची राहिली होती.

आता पहिली शंका: कुणीतरी दूर बसून यंत्र हॅक केलं. हिच्यात मला अजिबात दम वाटत नाही. यंत्राला वायफाय नाही, ब्लूटूथ नाही, सिमकार्ड नाही. ते कशालाच जोडलेलं नसतं. जून २०२४ मध्ये मुंबई वायव्य मतदारसंघात रवींद्र वायकर अमोल कीर्तिकरांपेक्षा अवघ्या ४८ मतांनी जिंकले, आणि मतमोजणी केंद्रात मोबाईल वापरल्याबद्दल वनराई पोलिसांत गुन्हा नोंदला गेला. त्यावरून ‘मोबाईलवर ओटीपी घेऊन ईव्हीएम उघडलं’ अशी बातमी फिरली. बातमी छापणाऱ्या वर्तमानपत्रानं नंतर माफी मागितली, कारण यंत्र उघडायला ओटीपी लागतच नाही. (यंत्राच्या चिपलाही ओटीपी म्हणतात, वन टाइम प्रोग्रॅमेबल, एकदाच लिहिता येणारी. गोंधळात हीही भर.) मोबाईल आत कसा गेला, हा प्रश्न रास्तच होता. पण त्या निकालातली खरी गोष्ट कुणी बोललंच नाही. यंत्रांच्या मतांमध्ये कीर्तिकर एका मतानं पुढे होते. निकाल फिरला तो टपाली मतांवर, म्हणजे कागदावर.

हातात यंत्र मिळालं तर? ती गोष्ट निराळी. २०१० मध्ये हैदराबादचे हरिप्रसाद, अमेरिकेतले ॲलेक्स हाल्डरमन आणि नेदरलँड्सचे रॉप खोंखराइप यांनी एका खऱ्या भारतीय यंत्रावर दाखवून दिलं, की आकडे दाखवणारी पट्टी बदलली तर निकाल हवा तसा दाखवता येतो. ते यंत्र मुंबईतल्या सरकारी साठ्यातून गेल्याचं निघालं आणि हरिप्रसादांना अटक झाली. चोरीचा तपास व्हायलाच हवा होता. पण त्या प्रसंगानं एक नाही, दोन गोष्टी सिद्ध केल्या होत्या: यंत्रात बदल करता येतो, आणि कुलपातलं यंत्र बाहेरही येऊ शकतं. निवडणूक आयोग सांगतो, की आताची यंत्रं उघडायचा प्रयत्न केला की बंद पडतात. २०१७ मध्ये आयोगानं ‘या आणि करून दाखवा’ असं आव्हानही दिलं. ३ जूनला दोनच पक्ष गेले, राष्ट्रवादी आणि माकप, आणि दोघांनीही प्रत्यक्ष प्रयोग केला नाही. माझ्या मते त्यावरून कुणाचंच काही सिद्ध झालं नाही. आतला भाग न उघडता बाहेरून बटणं दाबून काय कळणार?

म्हणून खरी लढाई कुलपाची आहे. कुठलं यंत्र कुठल्या मतदारसंघात आणि कुठल्या बूथवर जाणार, हे संगणकावर दोन वेळा सरमिसळ करून ठरतं. सीलवर प्रतिनिधींच्या सह्या असतात, स्ट्राँग रूमबाहेर पक्षांची माणसं बसू शकतात. शिवाय कंट्रोल युनिटला फक्त ‘बटण तीन, इतकी मतं’ एवढंच कळतं. तिसऱ्या बटणावर कमळ की तुतारी, ते त्याला ठाऊक नसतं, आणि दर मतदारसंघात क्रम बदलतो. हा युक्तिवाद जुन्या यंत्रांना पूर्ण लागू होता. व्हीव्हीपॅट आल्यावर त्याला थोडी चीर गेली, कारण चिठ्ठीवर चिन्ह छापायचं तर ते बाहेरून आत भरावं लागतं. टीकाकारांचा हा मुद्दा फालतू नाही. २६ एप्रिल २०२४ च्या निकालात सुप्रीम कोर्टानं चिन्हं भरणारं उपकरणसुद्धा ४५ दिवस सील करून ठेवायला सांगितलं.

बॅटरीचं प्रकरण दोन वाक्यांत संपवतो. अणुशक्तीनगरमध्ये मोजणीच्या दिवशी काही यंत्रं ९९ टक्के बॅटरी दाखवत होती आणि त्यावरून गहजब झाला. पण ही मोबाईलची चार्जिंगवाली बॅटरी नव्हे, सेल आहेत, आणि व्होल्टेज ठरावीक पातळीखाली जाईपर्यंत पडदा ९९ च दाखवतो.

आकडे फुगवल्याची शंका मात्र नीट समजून घेण्यासारखी आहे. २० नोव्हेंबर २०२४ ला संध्याकाळी पाचचा आकडा होता ५८.२२ टक्के, शेवटचा आकडा ६६.०५. मधली पाऊणएक कोटी माणसं कुठून आली, असा प्रश्न विचारला गेला. मी बूथवर बसलेलो असल्यामुळे मला त्या पाचच्या आकड्याची लायकी माहीत आहे. दर दोन तासांनी फोन येतो, ‘सर, किती झालं?’ आपण रांग सांभाळत अंदाजानं पाहतो आणि सांगतो. तो पुढे जाऊन बेरीज होईस्तोवर शिळा झालेला असतो. सहा वाजता दारात जे उभे असतील त्यांना शेवटच्या माणसापासून क्रमांकाच्या चिठ्ठ्या वाटतात आणि त्या सगळ्यांचं मतदान होतं. आयोगानं नंतर हिशेब दिला, की दिवसभराची सरासरी तासाला ५८ लाख होती, त्यामुळे शेवटच्या दोन तासांतली ६५ लाख (हा आयोगाचा आकडा) ही संख्या उलट कमीच आहे. हिशेब बरोबर आहे. मात्र तो निकालानंतर कैक महिन्यांनी देण्याऐवजी त्याच आठवड्यात बूथवार दिला असता तर? संशयाला रिकामी जागा मिळाली की तो संसार थाटतो.

या शंकेचं खरं उत्तर एका कागदावर असतं: नमुना १७सी. मतदान संपल्यावर कंट्रोल युनिटवर ‘टोटल’ दाबायचं, येईल तो आकडा १७सी मध्ये लिहायचा, सही करायची आणि हजर असलेल्या प्रत्येक प्रतिनिधीला प्रत द्यायची. मोजणीच्या दिवशी यंत्रातली बेरीज आणि हा आकडा जुळलाच पाहिजे. रात्रीतून मतं घुसडायची तर प्रतिनिधींच्या खिशातल्या त्या प्रतींचं काय करणार? आता माझं निरीक्षण ऐका. दोन्ही ड्युट्यांमध्ये साडेसहाला माझ्यासमोर प्रत घ्यायला थांबले होते अनुक्रमे दोन आणि एक प्रतिनिधी. बाकीचे विजयाच्या गप्पा मारत निघून गेले होते. एकानं तर प्रत घेऊन तिच्यावर भेळेचा हिशेब लिहिला.

(‘मोजलेली मतं पडलेल्या मतांपेक्षा पाच लाखांनी जास्त’ ही बातमीही तुम्ही वाचली असेल. ६६.०५ टक्क्यांत टपाली मतं धरलेली नाहीत, आणि वैध टपाली मतंच ५,३८,२२५ होती.)

आता व्हीव्हीपॅटच्या चिठ्ठ्या. प्रत्येक मताची कागदी चिठ्ठी पडलेली आहे, आणि नियम असा, की चिठ्ठी आणि यंत्र यांत फरक आला तर चिठ्ठीचा आकडा खरा धरायचा. मग सगळ्या का मोजत नाहीत? आधी मतदारसंघातल्या एकाच बूथच्या मोजत. एप्रिल २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानं ते पाच केलं, आणि शंभर टक्के मोजण्याची मागणी २०२४ मध्ये फेटाळली. महाराष्ट्रात २८८ मतदारसंघांतल्या १४४० व्हीव्हीपॅटच्या चिठ्ठ्या मोजल्या आणि सगळ्या जुळल्या, असं आयोगानं जाहीर केलं.

पाच पुरेत का? भात शिजला की नाही हे शितावरून कळतं, असं आपण म्हणतो. पण ते खरं ठरतं ते सगळा भात एकाच आचेवर असेल तर. हिशेब करून पाहू. समजा राज्यभर शंभरातलं एक यंत्र बिघडवलंय. सोडत काढून निवडलेल्या १४४० मध्ये तशी साधारण चौदा सापडायला हवीत. एकही न सापडण्याची शक्यता वीस लाखांत एकाच्या आसपास येते. म्हणजे अख्खं राज्य यंत्रातून चोरलं, या म्हणण्याला १४४० चिठ्ठीडब्यांनी चांगलंच उत्तर दिलं आहे.

आता तोच हिशेब एका मतदारसंघापुरता करा. ३०० बूथ आहेत आणि गडबड एकाच यंत्रात आहे. पाचांत ते निघण्याची शक्यता साठात एक. तीस यंत्रांत गडबड असली तरी पकडले जाण्याची शक्यता शंभरात एक्केचाळीस. लढत पन्नास-शंभर मतांची असेल तर गडबडीला तीस यंत्रं लागतच नाहीत. म्हणून पाचचा नियम ‘राज्य चोरलं का?’ याला ठणठणीत उत्तर देतो आणि ‘आमची सीट बरोबर गेली का?’ याला जवळजवळ काहीच देत नाही. आयोगाचे समर्थक पहिलं उत्तर दुसऱ्या प्रश्नाला चिकटवतात, विरोधक दुसरी पोकळी दाखवून पहिला आरोप करतात. यावर उपाय अवघड नाही. अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात २०१७ पासून किती मतपत्रिका तपासायच्या हे लढत किती अटीतटीची त्यावर ठरतं. फरक मोठा तर थोड्या, फरक निसटता तर भरपूर. आपल्याकडे लाखाच्या फरकाला पाच आणि शंभराच्या फरकालाही पाचच.

आणि आपल्या महापालिका, जिल्हा परिषदा? तिथली निवडणूक राज्य निवडणूक आयोग घेतो, आणि २०२५ मध्ये त्यानं सांगितलं, की स्थानिक निवडणुकांत व्हीव्हीपॅट नसेल. तिथे मोजायला चिठ्ठीच नाही.

मारकडवाडीकडे परत येतो. समजा पोलीस आले नसते आणि मतपत्रिकेवर मतदान झालं असतं. काय सिद्ध झालं असतं? माझ्या मते काही नाही. ज्यांना यंत्र बरोबर वाटतं ते आलेच नसते. आले असते तरी दोन आठवड्यांपूर्वी गुपचूप दिलेलं मत गावकीसमोर तसंच दिलं असतं याची खात्री काय? याला इतिहासात दाखला आहे. देशात यंत्र पहिल्यांदा वापरलं ते मे १९८२ मध्ये केरळातल्या परवूर मतदारसंघात, ५० बूथवर. भाकपचे शिवन पिल्लै यांनी आधीच यंत्राला हरकत घेतली होती, आणि यंत्रावर तेच १२३ मतांनी जिंकले! मग हरलेले काँग्रेसचे ए. सी. जोस कोर्टात गेले. १९८४ मध्ये सुप्रीम कोर्टानं त्या ५० बूथवर कागदावर फेरमतदान घ्यायला लावलं आणि जोस जिंकले. ‘पाहा, कागदावर निकाल उलटला’ असं आजही सांगतात. पण कोर्टानं यंत्र खोटं ठरवलं नव्हतं. कायद्यात यंत्राची तरतूद नव्हती म्हणून मतदान रद्द केलं होतं. दोन वर्षांत माणसांची मतं बदलतात. तरतूद १९८८ मध्ये आली, १९९९ मध्ये गोव्यानं अख्खी विधानसभा यंत्रावर निवडली, २००४ पासून सगळी लोकसभा.

मारकडवाडीचं उत्तर त्याच गावाच्या बूथच्या चिठ्ठीडब्यांत बंद होतं. ते उघडायला सांगायचं कुणी? सुप्रीम कोर्टाच्या २०२४ च्या निकालानुसार यंत्राची तपासणी मागता येते ती दुसऱ्या आणि तिसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराला, सात दिवसांत, पाच टक्के यंत्रांची, दर संचाला तेव्हा ४० हजार रुपये अधिक जीएसटी भरून. तीही चिपची, चिठ्ठ्यांच्या मोजणीची नव्हे. जानकर पहिले आले होते, म्हणजे हा रस्ता त्यांना नव्हताच. उरली हायकोर्टात ४५ दिवसांत करायची निवडणूक याचिका. ज्या गावाला एक डबा उघडून हवा होता त्याला व्यवस्थेनं जमावबंदी दिली. मला यात कट दिसत नाही, पण अक्कलही दिसत नाही.

मतदाराला बूथवरच चिठ्ठी चुकीची दिसली तर? त्यानं लेखी तक्रार करायची, मग सगळ्यांसमोर चाचणी मत टाकायचं, आणि तक्रार खोटी ठरली तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड होऊ शकतो. केंद्राध्यक्षाला हा इशारा आधी वाचून दाखवावा लागतो. तो ऐकून किती जण तोंड उघडतील?

जर्मनीच्या घटना न्यायालयानं ३ मार्च २००९ ला तिथली यंत्रं घटनाबाह्य ठरवली, तेव्हा कुणी हॅकिंग सिद्ध केलेलं नव्हतं. मतदान आणि मोजणीचे मुख्य टप्पे सामान्य नागरिकाला विशेष तांत्रिक ज्ञानाशिवाय तपासता आले पाहिजेत, एवढीच कोर्टाची अट होती. आपल्याकडे चिठ्ठी आहे, म्हणजे ती अट पुरी करायची सोय आपण करून ठेवली आहे. पेटी फक्त उघडत नाही.

चौथी शंका यादीची, आणि २०२५ मध्ये सगळा वाद तिकडेच सरकला. लोकसभेला महाराष्ट्रात ९.३० कोटी मतदार होते, सहाच महिन्यांत विधानसभेला ९.७० कोटी. आयोग म्हणतो मोहीम घेऊन नावं वाढवली, हरकती जवळपास आल्याच नाहीत. विरोधक म्हणतात दुबार आणि बोगस नावं घातली. १ नोव्हेंबर २०२५ ला मुंबईत निघालेल्या ‘सत्याच्या मोर्चा’त ठाकरे बंधूंपासून सगळे बोलले ते यादीवर. यादी चुकीची असेल तर यंत्र कितीही प्रामाणिक असो, ते चुकीच्या माणसांची मतं अगदी अचूक मोजून देईल. कागदी मतपत्रिका आणली तरी हेच होईल.

शेवटी हरियाणातल्या पानिपतजवळच्या बुआना लाखू गावाचं सांगतो. नोव्हेंबर २०२२ मध्ये तिथे सरपंचाची निवडणूक झाली. एका बूथवर मतांची नोंद करताना केंद्राध्यक्षाची गफलत झाली, दोघा उमेदवारांची मतं एकमेकांच्या नावावर गेली आणि हरलेला जिंकला. भांडण खालच्या न्यायालयापासून दिल्लीपर्यंत गेलं. ऑगस्ट २०२५ मध्ये सगळ्या बूथची यंत्रं सुप्रीम कोर्टात आणली गेली, कोर्टाच्या अधिकाऱ्यानं दोन्ही बाजूंसमोर कॅमेरा लावून मतं मोजली: १०५१ विरुद्ध १०००. निकाल उलटला. यंत्रातले आकडे पहिल्यापासून बरोबरच होते. तोवर पाच वर्षांच्या मुदतीतले तेहतीस महिने गावाच्या ठरावांवर दुसऱ्याचीच सही होत राहिली होती.